दोन दिवसात डिमेन्शिया वाढत नसतो: मानेवाड्याच्या माईंची केस

अल्झायमर, म्हणजे डिमेन्शियाचा (स्मृतिभ्रंशाचा) एक प्रकार, हळू चालणारा आजार आहे. महिन्यामहिन्यानं, वर्षावर्षानं माणसाचं थोडं थोडं सुटत जातं. म्हणून ज्या घरात असा पेशंट आहे तिथं कोणी म्हणालं की "परवापर्यंत ठीक होती न, परवापासून एकदमच बिघडली", तर लगेच डिमेन्शियावर ढकलून मोकळं होऊ नका, त्याच्यावर दुसरं काही येऊन बसलंय का ते आधी शोधा. या एका गोष्टीसाठी ही केस मी सविस्तर लिहून राहिले आहे. घरच्यांना विचारून लिहिते आहे, नावं गाळली आहेत. मी स्वतः बरीच वर्षं वॉर्डात सिस्टर होते, आता घरी जाऊन म्हाताऱ्या पेशंटांचं बघते.

माईंचं वय ७६. मनपाच्या शाळेत दुसरी-तिसरीच्या पोरांना शिकवण्यात आयुष्य गेलं. यजमान वारले, नागपूरच्या महाल भागातलं भाड्याचं घर सुटलं आणि त्या मानेवाड्याला मुलाकडे आल्या, तळमजल्यावर दोन खोल्या आणि हॉल. मुलगा मिहान या उद्योगक्षेत्रात नोकरीला, सकाळी गेला की रात्री आठला घरी. सून घरूनच शिवणकाम करते, म्हणजे चोवीस तास माईंजवळ तीच. नात बारावीला, मुलगी पुण्याला.

निदान होऊन दोन वर्षं झाली होती. सुरुवात नेहमीसारखीच, भाजीत दोनदा मीठ, तीच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारणं, मग एक दिवस सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारातून घरचा रस्ता सापडेना. तेव्हा डॉक्टरांनी बी१२, थायरॉइड, एमआरआय सगळं रीतसर पाहिलं होतं, स्मरणशक्तीच्या तीस मार्कांच्या तपासणीत १८ आले आणि डोनेपेझिल हे अल्झायमरचं औषध सुरू झालं, आधी ५ मग १० मिलिग्रॅम. बीपीची गोळी आधीपासून होती, त्यात लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता एप्रिलमधे माई कशा होत्या ते सांगते, कारण पेशंट आधी कसा होता हे माहीत नसेल तर बिघडला किती हे कोणालाच ठरवता येत नाही, मोठ्या डॉक्टरलाही नाही. वार-तारीख सांगता येत नव्हती. नातीला कधी कधी मुलीच्या नावानं हाक मारायच्या. पण सुनेला ओळखायच्या, मेथी निवडायच्या, कपड्यांच्या घड्या घालायच्या, बाथरूमला स्वतः जायच्या, रात्री दहा ते पाच झोपायच्या. आणि पाढे! बे पासून दहापर्यंत न अडखळता म्हणायच्या. चाळीस पोरांकडून वर्षानुवर्षं घोकून घेतलेली गोष्ट, ती आजाराच्या हाती अजून लागली नव्हती.

मे आला. नागपूरचा मे बाहेरच्यांना सांगून कळत नाही, पारा ४५ च्या वर, नवतपा (मेच्या शेवटी येणारे नऊ तापते दिवस) लागला की रात्रीसुद्धा भिंती गरम. घरोघर जे करतात तेच या घरानं केलं: खिडक्यांना जाड पडदे, दुपारी सगळं बंद, मोठा कूलर हॉलच्या खिडकीला. माईंच्या खोलीत उकडायचं म्हणून त्यांचा पलंग हॉलमधे आणला, अगदी कूलरसमोर. प्रेमानंच केलं. पण माईंच्या बाजूनं बघा, भरदुपारी अंधार, दिवसरात्र कूलरची घरघर, रात्री उठलं की दार डावीकडे असायचं ते आता उजवीकडे, आणि चष्मा जुन्या खोलीतल्या टेबलाच्या खणात राहिलेला. धड मेंदूचा माणूस हे निभावून नेईल, अल्झायमरवाल्याला ते जड जातं.

कूलरच्या गार हवेनं नाक गळायला लागलं. मेडिकलवरून सर्दीची गोळी आणली, साधी, सगळ्यांच्या घरात असते ती, सकाळ-संध्याकाळ एकेक.

त्याच्या तिसऱ्या रात्री माई दोन वाजता उठून दाराची कडी वाजवत होत्या. "पोरं वाट पाहून राहिले, शाळा भरली." सुनेनं समजावलं तर तिलाच विचारलं, "तू कोन वं?" नवीन गोष्ट होती ही, आजवर सुनेला विसरल्या नव्हत्या. मग कूलरच्या जाळीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "थ्या जाळीत पोट्टे बसून हायेत, त्याइले काढा बाहेर." चादरीवरून काहीतरी वेचत राहिल्या, तिथं काहीच नव्हतं. सकाळी दोन तास बऱ्या, चहा घेतला, नातीशी बोलल्या, संध्याकाळी पुन्हा तेच, आणि अंथरुणात लघवी.

दोन दिवस असं चाललं आणि तेवढ्यात घरात मतं तयार झाली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "ऊन लागलं बाप्पा मायले, कांदा ठेवा उशाशी." मुलगा म्हणाला आजार पुढच्या स्टेजला गेला, नेटवर तसंच लिहिलंय. पुण्याची मुलगी फोनवर रडत म्हणाली की आता एखाद्या चांगल्या होममधे ठेवायची वेळ आली का. जवळच्या एका दवाखान्यात दाखवलं तर "या वयात होतं असं" म्हणून झोपेची गोळी लिहून मिळाली. ती दिली, त्या रात्री माई जास्तच भरकटल्या आणि बाथरूमच्या उंबऱ्याशी पडता पडता वाचल्या.

एकटी सून म्हणत होती की हे वेगळं आहे. तिचं म्हणणं कोणी फार मनावर घेतलं नाही, कारण ती डॉक्टर नाही, आणि रात्रभर जागून तिचे डोळे सुजले होते तर सगळ्यांना वाटलं थकली आहे म्हणून बोलते आहे. मला फोन तिनंच केला. "ताई, माई अशा नाहीत हो. आजारी असल्या तरी अशा नाहीत." माझ्या लेखी या केसमधलं सगळ्यात महत्त्वाचं निदान हेच वाक्य आहे. जो माणूस रोज भरवतो, धुतो, फिरवतो, त्याला असं वाटलं की "हे नेहमीसारखं नाही", तर त्याची किंमत रक्ताच्या रिपोर्टइतकी धरावी.

मी पोचले तेव्हा माई पडून होत्या, अर्धवट डोळे मिटलेले. मुलगा म्हणाला, आज बरंय, शांत आहेत. त्या शांततेचीच मला जास्त धास्ती वाटली. अशा भ्रमाचे दोन चेहरे असतात. एकात माणूस ओरडतो, पळतो, झटापट करतो, ते सगळ्यांना दिसतं. दुसऱ्यात गप्प पडून राहतो, जेवण नको म्हणतो, हाक मारली की डोळे उघडतो आणि पुन्हा मिटतो, आणि घरच्यांना वाटतं चला झोप लागली. हा दुसरा प्रकार जास्त निसटतो आणि जास्त धोक्याचा असतो. वैद्यकात या अवस्थेला डिलिरियम म्हणतात. डिमेन्शिया आणि डिलिरियम दोन्हीत माणूस बडबडतो, विसरतो, म्हणून घोळ होतो, पण डिलिरियम तासा-दिवसात सुरू होतो, दिवसभरात खालीवर होत राहतो, आणि त्यात लक्षच एका जागी टिकत नाही. डिमेन्शिया असलेल्या मेंदूवर तो फार लवकर बसतो, आणि बहुतेक वेळा त्यामागं शरीरातलं काहीतरी असतं जे शोधता येतं.

लक्ष टिकतं का हे बघायला डॉक्टर महिने किंवा वार उलटे म्हणायला सांगतात. माईंना वार आधीपासूनच येत नव्हते, त्यामुळे त्याचा उपयोग नव्हता. मी त्यांना उठतं बसवलं, चष्मा घातला आणि म्हटलं, बाई, दोनचा पाढा घ्या. बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक... आणि थांबल्या. माझ्या बांगडीकडे बघायला लागल्या. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथंच तुटलं. आठवण गेली असती तर चुकीचं काहीतरी म्हणाल्या असत्या, इथं धागाच हातात राहत नव्हता.

मग सुनेला विचारलं की संडासला कधी झालं. ती उठून स्वयंपाकघरातलं कालनिर्णय घेऊन आली. दुधाचा हिशोब लिहितो न आपण चौकटीत, तशी ती त्यात माईंचंही लिहायची, गोळी दिली, पोट साफ झालं, किती जेवल्या, रात्री उठल्या का, पेन्सिलनं दोन-दोन अक्षरं. त्यावरून सगळं उघड झालं. सर्दीची गोळी सुरू झाली त्या दिवसापासून पोट साफ नाही. त्याच्या आधीच्या आठवड्यापासून जेवण अर्ध्यावर. बीपीची गोळी रोज नेमानं. पाणी भरपूर, ऊन आहे म्हणून ग्लुकोज पावडरचं पाणी दिवसातून चार-पाचदा. मीठ? "बीपी आहे म्हणून बंदच केलं होतं ताई, ताकातही नाही."

पोट हाताला टणक लागत होतं, खालचा भाग फुगलेला. एका बाजूचा हातपाय ढिला नाही, तोंड वाकडं नाही, तरी एकाएकी बदल झाला की पॅरालिसिस किंवा डोक्यात रक्तस्राव नाही हे तपासावंच लागतं, आणि पडता पडता वाचल्या होत्या म्हणून जास्तच. मी म्हटलं आता घरी थांबायचं नाही, आणि सोबत गोळ्यांचा डबा आणि कालनिर्णय दोन्ही घ्यायचं.

हॉस्पिटलमधे सीटी स्कॅन नीट आला. लघवीत इन्फेक्शन नव्हतं, मला वाटलं होतं निघेल, कारण म्हाताऱ्या बायकांमधे फार वेळा तेच निघतं. पण सोनोग्राफीत लघवीची पिशवी भरलेली दिसली, रिकामीच होत नव्हती, अंथरुणात जी होत होती ती नुसती वरून सांडणारी. गुदाशयात कडक मळ साचलेला. आणि रक्तातलं सोडियम (मिठातला घटक) ११८. नॉर्मल १३५ ते १४५ असतं. १२० च्या खाली गेलं की फिट येऊ शकते, माणूस बेशुद्ध होऊ शकतो.

आता हे जुळलं कसं ते नीट सांगते, कारण यातली एकेक गोष्ट साधी आणि घरोघरची आहे. अल्झायमरमधे मेंदूतलं अॅसिटिलकोलीन नावाचं रसायन कमी पडतं, डोनेपेझिल ते टिकवायला मदत करतं. सर्दीच्या जुन्या पद्धतीच्या गोळ्यांमधे, क्लोरफेनिरामिनवाल्या, नेमका त्याच रसायनाला अडवायचा गुण असतो. म्हणजे महिन्याला एवढे पैसे खर्चून जे औषध देतो, त्याच्या विरुद्ध काम करणारं दुसरं औषध आपणच सकाळ-संध्याकाळ देतो. वर त्याच गुणामुळे आतडी सुस्त होतात, लघवी अडकते, तोंड कोरडं पडतं. झोपेच्या काही गोळ्या, खाज-अॅलर्जीच्या गोळ्या, लघवी सारखी होते म्हणून देतात त्यातल्या काही, जुन्या प्रकारच्या डिप्रेशनच्या काही, सगळ्या याच जातीच्या. माईंना दवाखान्यातून दिलेली झोपेची गोळी वेगळ्या गटातली होती, पण डिलिरियममधे तीसुद्धा बहुधा बिघडवतेच.

सोडियमचं असं की लघवी वाढवणारी बीपीची गोळी शरीरातून मीठ बाहेर काढते, उन्हाळ्यात घामातून अजून जातं, माई जेवत अर्धं होत्या, मीठ बंद, आणि आत जात होतं नुसतं पाणी आणि साखर. पाणी कमी पडू नये म्हणून घरच्यांनी जिवापाड काळजी घेतली आणि त्या पाण्यानंच उरलेलं मीठ पातळ झालं. यात कोणाचा गुन्हा नाही, ग्लुकोजची पावडर म्हणजे ओआरएस (मीठ-साखर ठरल्या प्रमाणात असलेलं पाणी) नाही हे कोणी कधी सांगितलंच नव्हतं. यातलं नक्की किती कशामुळे, सर्दीची गोळी की सोडियम की तुंबलेलं पोट, हे वेगळं काढता येत नाही. डॉक्टरही म्हणाले की सगळ्यांनी मिळून केलंय, सगळंच दुरुस्त करू.

सर्दीची आणि झोपेची गोळी बंद, बीपीचं औषध बदललं, एनिमा, काही दिवस लघवीची नळी, आणि सोडियम हळूहळू वर. हे हळूहळू फार महत्त्वाचं आहे, घरच्यांना वाटतं सलाइन जोरात सोडा म्हणजे लवकर बरं वाटेल, पण सोडियम झपाट्यानं चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, म्हणून २४ तासांत साधारण ८ ते १० पेक्षा जास्त वाढवत नाहीत.

पहिल्या दोन रात्री कठीण होत्या. माई नळी ओढायच्या, सलाइन काढायच्या. मुलगा म्हणत होता, इंजेक्शन देऊन झोपवा नाहीतर हात तरी बांधा, आणि त्याचं मला कळत होतं, आईला असं बघवत नाही. पण बांधलं की भ्रम वाढतो, माणूस जास्त झगडतो, आणि मनोविकाराची जी शांत करणारी औषधं आहेत त्यांनी डिमेन्शियाच्या म्हाताऱ्या पेशंटमधे मृत्यूचा धोका वाढतो, अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००५ पासून त्यावर तसा इशाराच लावलेला आहे. ती कधीच द्यायची नाहीत असं नाही, पेशंट स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला लागला तर डॉक्टर थोड्या दिवसांसाठी छोटा डोस देतात. इथं तशी वेळ आली नाही. खिडकीजवळची खाट मागून घेतली, दिवसा पडदा उघडा, रात्री एकच मंद दिवा, चष्मा डोळ्यावर, आणि घरचं माणूस सतत तेच, दर दोन तासाला नवीन चेहरा नाही. भेटायला येणाऱ्यांची रांग मी बंद करायला लावली. "ओळखलं का मला?" हा प्रश्नही बंद. आल्यावर आपणच सांगायचं, माई, मी अमुक, तुम्ही दवाखान्यात आहात, पोटाचं दुखणं आहे, उद्या-परवा घरी. शाळेची पोरं वाट बघून राहिली म्हणाल्या तर वाद घालायचा नाही, आज सुट्टी दिली बाई पोरांना, एवढंच. घड्या घालायला फडकी हातात दिली की बराच वेळ त्यातच रमायच्या.

तिसऱ्या दिवशी सोडियम १२९ आलं आणि त्याच संध्याकाळी सुनेला नावानं हाक मारली.

पण पूर्ण पूर्वीसारखं झालं का? नाही. डिलिरियम उतरायला कधी कधी आठवडेच्या आठवडे लागतात, आणि डिमेन्शिया असलेला माणूस त्यातून उठला तरी एखादी पायरी खालीच राहतो असं पुष्कळदा होतं. जुलैपर्यंत माई सुधारत गेल्या. भास गेले, झोप लागली, पाढे सातपर्यंत आले आणि तिथं थांबले. बाथरूमला मात्र आता हात धरून न्यावं लागतं, आधी लागत नव्हतं. मुलाला हे सांगताना मी सरळ सांगितलं, खोटी आशा लावली नाही. पण त्यानं हेही समजून घेतलं की मे महिन्यात ज्याला तो पुढची स्टेज म्हणत होता ती पुढची स्टेज नव्हती. त्याच वेळी माईंना कुठं ठेवून दिलं असतं, झोपेच्या गोळ्या वाढवल्या असत्या, तर काय झालं असतं याचा विचार मला आजही अस्वस्थ करतो. देशात साठीच्या वरच्या लोकांत डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असा २०२३ मधे आलेल्या राष्ट्रीय अभ्यासाचा अंदाज आहे. त्यातल्या किती घरांत असा सुधारता येण्यासारखा भ्रम "आजार वाढला" म्हणून सोडून दिला जात असेल.

घरात आता काय बदललं ते सांगते. पलंग परत माईंच्या खोलीत, कूलर छोटा घेतला आणि तिथंच लावला पण तोंडावर वारा येणार नाही असा. सकाळी सहा ते नऊ पडदे उघडे, मग बंद करायचे तर आतला दिवा लावायचा, दुपारी अंधार नको. मीठ किती घ्यायचं, पाणी किती, हे अंदाजानं नाही तर डॉक्टरांना विचारून ठरलं, ताकात जिरं-मीठ परत आलं. प्रत्येकाचं बीपी, किडनी, हार्ट वेगळं असतं म्हणून माईंचं प्रमाण कोणी उचलू नये. मेडिकलवरून कोणतीही गोळी, खोकल्याचं औषधसुद्धा, घ्यायच्या आधी डोनेपेझिल चालू आहे हे सांगायचं. तीन दिवस पोट साफ नाही झालं की वाट बघायची नाही. आणि फ्रिजवर एक कागद चिकटवलाय, माई एरवी कशा असतात ते आठ-दहा ओळीत, रात्री ड्यूटीवरच्या नवख्या डॉक्टरला तोच दाखवायचा.

सुनेचं मात्र अजून नीट लागलेलं नाही. तिची झोप गेली आहे, शिवणाची गिऱ्हाइकं तुटली, आणि ती "मला काय झालंय" असं म्हणून विषय टाळते. १४४१६ वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला चोवीस तास बोलता येतं हे मी तिला सांगितलं, एकदा लावला तिनं फोन, बरं वाटलं म्हणाली. दिवसाच्या चार तासांसाठी तरी बाई लावावी हे मी मुलाला आणि पुण्याच्या मुलीला दोघांनाही बसवून सांगितलं. मुलगी अर्धा खर्च द्यायला तयार आहे, मुलाचं म्हणणं परकी बाई आली की माई बिथरतील. दोघांचंही खरं आहे. सध्या ठरलंय ते असं की दिवाळीनंतर बाई रोज एक तास यायला लागेल, नुसती मेथी निवडायला माईंजवळ बसेल, ओळख झाली की वेळ वाढवायचा. मार्चमधे ऊन चढायच्या आत बीपीच्या औषधाचा फेरविचार आणि सोडियमची तपासणी, ती तारीख सुनेनं आत्ताच लिहून ठेवली आहे.